पुडीचा राग

गल्लीच्या तोंडाशी सोफ्यांचं दुकान होतं आणि त्या सोफेवाल्याला सगळे पाठीमागे 'ठिणगी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दुकानात कापूस, काथ्या, फोम आणि चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे खच्चून भरलेले. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की इथे काडी पेटवू नये. आणि त्याच दारात उभा राहून हा माणूस स्वतः दिवसभर पेटायचा. समोरचा फ्रेमवाला म्हणायचा, "विमेवाल्यानं आधी याला बाहेर काढावं, मग दुकानाचा विमा उतरवावा."

हा माणूस नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गिऱ्हाइकानं पसंत केलेला रंग बदलून मागितला की भडका. कापड बोटभर कमी पडलं की भडका. बायको शेजारीच मशीनवर खोळी शिवायची. मशीन चाललं की आवाज किती म्हणून ओरडायचा, थांबलं की काम का थांबलं म्हणून. ती बिचारी पायडलवर पाय ठेवून अंदाज घेत बसायची, आता चालवू की नको. आणि या सगळ्याची त्याला लाज नव्हतीच, वर अभिमान होता. "आमच्या घराण्याचा रागच तसला," तो छाती काढून सांगायचा. "माझ्या बापानं भरलं ताट दारातनं बाहेर भिरकावलं होतं." लोक वाडवडिलांच्या जमिनीबद्दल बोलतात तसा तो वाडवडिलांच्या रागाबद्दल बोलायचा.

काम मात्र नंबर एकचं. सोफेवाल्याला दोन हात पुरत नाहीत. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे कुठे ठेवणार? तोंडात. तो मूठभर बारीक खिळे उजव्या गालात टाकायचा, जिभेनं एकेक फिरवून डोकं पुढे करून ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं तो ओठावरून उचलायचा आणि ठक्. पुढचा खिळा तोवर ओठावर हजर. बघणाऱ्याला वाटावं, याला खिळे आतूनच उगवतात. तोंडात खिळे असताना तो शिव्याही स्पष्ट देऊ शकायचा, ही त्याची खास कमाई. खिळ्यांसाठी उजवा गाल आणि तंबाखूसाठी डावा, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती आणि तिच्यात कधी गल्लत झाली नाही.

ही डाव्या गालाची देणगी त्याच्या मिस्त्रीची. मिसरूड फुटायच्या आत तो कामाला लागला होता आणि इतरांचं बघून मागच्या दारात बिडी ओढायला शिकला होता. मिस्त्रीनं पकडला आणि कानाखाली आवाज काढला. "कापूस पेटला तर तुझा बाप भरून देणार का?" मग आपल्याच डबीतली चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. "हे धर. धूर नाही, आग नाही. दाढेखाली ठेव आणि काम कर." आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मिस्त्रीला आयुष्यभर वाटत राहिलं, की आपण पोराला चांगलं वळण लावलं. दुकान वाचलं हे खरं. पोराच्या गालाचा विमा कुणी उतरवला नव्हता, म्हणून त्याची चौकशीही कुणी केली नाही. अशा मिस्त्र्यांचा राग येतो, आणि ते बिचारे स्वतःही त्याच डबीतलं खाऊन गेले म्हणून तो राग पुरता काढताही येत नाही.

पुढे डबी गेली आणि पुडी आली, एवढाच बदल. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी त्याचा हात उशीखाली जायचा. चूळ नंतर, चहा नंतर, पहिली चिमूट आधी. पुडी हाताला लागली नाही तर अख्खं घर उठवून बसवायचा. ही उशी कुणी हलवली, ही चादर कुणी झटकली, या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ! लोकांच्या घरी जाऊन सोफे करायचे असले, की तिथे थुंकायची सोय नसायची, म्हणून अर्धा दिवस तोंड कोरडं ठेवावं लागायचं. मग तो परत यायचा ते आग पाखडतच. त्याची पायरीवरची पावलं ऐकून बायकोला कळायचं, की आज वड्याचं तेल वांग्यावर निघणार आहे, आणि वांगं नेहमीप्रमाणे आपणच आहोत.

तिनं यावर एक उपाय शोधून ठेवला होता. मशीनच्या खणात, बॉबिनींच्या खाली, एक जादा पुडी कायम असायची. याचा आवाज चढायला लागला, की ती काही न बोलता उठायची, खण उघडायची, पुडी त्याच्या हाताजवळ ठेवायची आणि परत मशीनवर जाऊन बसायची. तो बडबडता बडबडताच पुडी फोडायचा, चिमूट डाव्या गालात सारायचा आणि थोड्या वेळानं जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारायचा, "आज भाजी कसली केलीस?" गल्लीत तिचं नाव झालं. काय समंजस बाई आहे, नुसत्या नजरेनं विझवते! खणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याचंही नाही. "मी जसा चटकन तापतो तसा चटकन निवतो," तो सांगायचा. "माझ्या मनात काही राहत नाही." त्याच्या मनात राहत नसे हे खरं होतं, कारण सगळं बायकोच्या मनात जमा होत होतं.

एक मुलगी होती. शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. फोन करायची तो आईच्या फोनवर, आणि बाप कुणाच्या घरी कामाला गेला असेल अशी वेळ साधून.

असं चाललेलं असताना एकदा जेवताना गाल झोंबला. तिखटानं असेल म्हणून त्यानं आधी भाजीला शिव्या घातल्या. मग गरम चहा झोंबायला लागला, मग नुसतं पाणीही. आरशात बघितलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा, खरबरीत, घासून न जाणारा. त्यानं लगेच निदान केलं, की खिळे खराब आहेत. हल्लीच्या खिळ्यांना कसला तरी मुलामा देतात, तो तोंडात उतरतो. झालं! गेला तडक खिळेवाल्याच्या दुकानात आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत त्याला धुतला.

"विष विकतोस, विष! माझ्या तोंडाची वाट लावलीस!"

खिळेवाला थंड माणूस. तो म्हणाला, "मिस्त्री, खिळे लाकडात ठोकायला विकतो मी. खायला नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, पण हा ऐकतोय कुठे. दुसऱ्या कंपनीचे खिळे आणले. ते दुधाच्या पातेल्यात घालून उकळले, बायकोनं ते पातेलं पुन्हा दुधाला वापरलं नाही. मग मीठ घालून उकळले. मग फडक्यावर पसरून उन्हात वाळवले आणि त्यांची राखण करत दारात बसला. गल्लीतून जाणारा येणारा विचारायचा, "काय, खिळ्यांचे पापड का?" आणि शिवी खाऊन पुढे जायचा. चट्टा जिथल्या तिथेच होता.

बायको एकदाच म्हणाली, "तंबाखूनं तर नसेल झालं?"

"इतकी वर्षं खातोय! तंबाखूनं व्हायचं असतं तर तेव्हाच नसतं झालं? तुला काय कळतं त्यातलं? गप्प बस." आणि बोलता बोलता त्यानं चिमूट भरली.

शेवटी झोप लागेना तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बायकोही गेली. डॉक्टरीण मुलीच्या वयाची, शांत. हा खुर्चीत बसायच्या आधीच खिशातून खिळ्यांची पुडी काढून तिच्या हत्यारांच्या तबकात ओतून मोकळा. "हे तपासा आधी. यातच भानगड आहे."

तिनं खिळ्यांकडे बघितलं. मग आरसा घालून बराच वेळ त्याचं तोंड बघितलं.

"खिळे कुठल्या गालात धरता तुम्ही?"

"उजव्या."

"नेहमी?"

"नेहमी. आमच्या कामात सवयीला फार किंमत असते, डॉक्टर."

"आणि तंबाखू?"

दाराजवळ बसलेल्या बायकोच्या घशातून हसल्यासारखा आवाज निघाला आणि तिनं तो खोकल्यात घातला.

"चट्टा डाव्या गालात आहे," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही पुडी ठेवता बरोब्बर त्या जागी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुसरा कुणी असता तर वरमला असता. हा म्हणाला, "मी डाव्या कुशीवर झोपतो. गंजाचं पाणी तिकडे उतरत असणार." डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. गालाचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुन्हा बोलावलं.

त्या मधल्या दिवसांत तो एका अक्षरानंही कुणाशी त्याबद्दल बोलला नाही, पण पुड्या दुप्पट संपल्या. भीती वाटली की हात पुडीकडे जायचा, आणि पुडीकडे बघितलं की भीती वाटायची.

"अजून कॅन्सर नाही," दुसऱ्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली, "पण पेशी बदलायला लागल्या आहेत. आता तंबाखू पूर्ण थांबवली तर हा चट्टा ओसरण्याची आशा आहे. तरीही मी तपासत राहणार. नाही थांबवली तर पुढे तो कुठे जाईल ते माहीत आहे, आणि तुम्ही तिथे जाऊ नये असं मला वाटतं." मग तिनं सांगितलं, की एकट्यानं सोडणं फार जड जातं. शरीराला निकोटीनची सवय लागलेली असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निकोटीनचे गम मिळतात, ते कसे चघळायचे आणि हळूहळू कसे कमी करायचे ते मी शिकवते, दर आठवड्याला येऊन बोलत जा. "पहिले काही आठवडे झोप उडेल, चिडचिड होईल."

"चिडचिड?" तो हसला. "डॉक्टर, मी जन्माचा चिडका. मला त्यात काय नवीन? आणि गम चघळत बसायला मी काय शेळी आहे? सोडली म्हणजे सोडली. मर्दाचा शब्द आहे."

घरी आला, उशीखालची पुडी काढून कचऱ्यात टाकली आणि अख्ख्या गल्लीला सांगून आला. खिळे तोंडात धरणंही बंद केलं, मनगटावर चुंबक बांधून घेतलं. त्या संध्याकाळी बायकोनं मनातल्या मनात हात जोडले.

आणि मग तिचे हाल सुरू झाले. आधी राग यायचा तसा जायचाही. पेटायचा, पुडी यायची, विझायचा. आता तो यायचा आणि मुक्कामाला राहायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाचा एकच पट्टा. झोप तरी कुठली, उठून घरभर फेऱ्या मारायचा आणि आपल्या चपलेला अडखळून तिला जागं करायचा. फ्रेमवाल्याशी बोलणं तुटलं. एक गिऱ्हाईक आपली खुर्ची अर्ध्या उसवलेल्या अवस्थेत उचलून घेऊन गेलं. मशीनचा आवाज नको, रेडिओ नको, तिचं पाणी पिणं नको. "घोट घेताना आवाज होतो तुझा!" असं एक दिवस ओरडला. माणसानं पाणीही चोरून प्यायचं का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्यांनी 'तंबाखू सोड, तंबाखू सोड' म्हणून त्याच्या मागे वर्षानुवर्षं भुणभुण केली होती, तेच आता कुजबुजायला लागले, की खात होता तेव्हा बरा होता हो! काय लोक असतात. माणूस बुडताना आरडाओरडा करतो म्हणून त्याला परत पाण्यात ढकला म्हणणारे.

पण बायकोला कोण बोलणार? ती त्याच्या चार हातांवर बसत होती.

त्या आठवड्यात एक मोठं काम आलं होतं. उंच पाठीची खुर्ची, गडद हिरवी मखमल. मखमलीचं काम नाजूक. तिला लव असते. लवीवरून वरून खाली हात फिरवला की रंग उजळ दिसतो, उलट बघितलं की काळवंडतो. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं बाण काढायचा, लव जिकडे उतरते तिकडे. सगळे बाण खाली आले पाहिजेत. बाण काढणं आणि कापणं त्याचं काम, शिवणं तिचं.

खोळ चढवली तर पाठ काळी आणि बैठक हिरवी. एकाच खुर्चीला दोन रंग.

"उलटी शिवलीस!" त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "डोळे फुटले का तुझे? इतकी वर्षं मशीनवर बसून हे शिकलीस?"

ती म्हणाली, "पाठीला वर गोलाई आहे. उलटी शिवायची म्हटली तरी शिवता येणार नाही."

"म्हणजे मी चुकलो? मी?" त्यानं खोळ ओढली, मधोमध फाडली, तुकडे भिंतीवर फेकले. मखमल फाटताना फार मोठा आवाज होतो. तो थांबला तेव्हा दुकानात फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

ती उठली. मशीनचा खण उघडला, बॉबिनी बाजूला केल्या आणि जुनी पुडी त्याच्या समोर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "भरा एकदाची आणि गप्प बसा."

त्याला काही क्षण कळेचना. मग कळलं, तेव्हा तो किंचाळलाच. "डॉक्टरीण काय म्हणाली ते तू ऐकलंस ना? तिथेच बसली होतीस ना? माझा जीव घ्यायला निघालीस?"

"तुमचा जाईल तेव्हा जाईल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझा रोज जातोय."

त्यानं पुडी उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली. समोर फ्रेमवाला बघत होता, त्यानं मान वळवली. ती दुकानामागच्या घरात गेली, पिशवीत दोन साड्या घातल्या आणि पदर खोचून बाहेर आली.

"मी धाकट्या बहिणीकडे जातेय. तुमचं शांत झालं की कळवा. नाही झालं तरी कळवा, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही."

तो मागून ओरडला, "जा! निदान घरात शांतता तरी नांदेल!"

खरंच नांदली. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः भात टाकला, करपवला आणि तोही कुरकुर न करता खाल्ला. सकाळी उठून खुर्चीची चौकट घासली. मशीन गप्प, रेडिओ गप्प, कुणी घोट घेत नव्हतं. त्याला वाटलं, बघा, बाई गेली आणि राग गेला. माणसं डोक्यात जातात म्हणून माणूस चिडतो, नाहीतर मी किती शांत!

दुपारी जेवण झालं आणि तो आला.

दारात गिऱ्हाईक नव्हतं. कुणी काही बोललं नव्हतं. फोन वाजला नव्हता. आणि तरीही पोटातून उकळी फुटल्यासारखा राग वर आला, कानशिलं तापली, जबडा आवळला. कशाचा राग आहे ते शोधायला त्यानं चहूकडे बघितलं. सोल्यूशनच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, पण ते त्यानंच लावलं होतं. हातोडी खाली पडली होती, ती त्याच्याच हातून. ओरडायला तोंड उघडून तो वळला, बोटसुद्धा वर झालं होतं, आणि समोर तिचं रिकामं स्टूल. बोट तसंच वर राहिलं. राग सगळाच्या सगळा हजर होता आणि घ्यायला कुणी नव्हतं.

तो बाहेर धावला. काय शोधतोय ते कबूल न करता रस्त्याच्या कडेनं बघत गेला, मग फ्रेमवाल्याच्या देखत गुडघ्यावर बसून गटाराच्या जाळीपाशी हात घातला. इतक्या वर्षांचा कसबी माणूस, ज्याच्या हातची खुर्ची लोक पाहुण्यांना दाखवतात, तो भर दुपारी गटाराच्या काठी चिखल चाचपत होता! कुणाचा राग करावा इथे? पुड्या भरणाऱ्याचा करावा, विकणाऱ्याचा करावा, त्या मेलेल्या मिस्त्रीचा करावा. सगळ्यांचा केला तरी उरेल इतका होता.

पुडी सापडली. ओली, चुरगळलेली, पण बंद. त्यानं ती मुठीत घेतली आणि राग उतरला.

फोडली नव्हती. चिमूट काढली नव्हती. नुसती मुठीत आली आणि जबडा सैल पडला, कानशिलं निवली, आणि डोक्यात आपोआप आलं, रात्री भाजी कसली करावी.

तो तिथेच बसून राहिला. मूठ उघडून पुडीकडे बघितलं, मिटली, पुन्हा उघडली. म्हणजे चादर झटकली म्हणून नव्हे. मशीनचा आवाज म्हणूनही नव्हे. लोकांच्या घरून परत आल्यावर दारातच जे सुरू व्हायचं, ते जेवायला उशीर झाला म्हणून नव्हतं. उशीखाली हात गेला आणि काही लागलं नाही, एवढंच कारण होतं, प्रत्येक वेळी. ज्याला तो स्वभाव म्हणत होता, छाती काढून घराण्याचा राग म्हणत होता, ती या एवढ्याशा पुडीची भूक होती. ती याच्या तोंडानं ओरडायची. आणि ताट भिरकावणाऱ्या बापाच्या कमरेलाही डबी असायची, हे त्याला आता आठवलं.

मग त्याला जो राग आला तो वेगळा होता. आयुष्यात पहिल्यांदा योग्य पत्त्यावर गेला असेल. त्यानं पुडी दातांनी नव्हे, दोन्ही हातांनी फाडली, सगळी पूड जाळीतून गटारात ओतली, वर कागदही कोंबला, आणि उठून जाळीवर लाथ घातली. अंगठ्याचं नख दुखावलं. फ्रेमवाला धावत आला, पण याच्या चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही, नुसतं पाणी दिलं.

दुकानात येऊन त्यानं मखमलीचे तुकडे गोळा केले. पाठीचा तुकडा उलटा केला. खडूचा बाण स्वच्छ दिसत होता, त्याच्याच हातचा, शेपटाशी जाड आणि टोकाला बारीक. तो वर गोलाईकडे चालला होता.

दुकान बंद करून तो आधी डॉक्टरीणबाईंकडे गेला. "ते गम द्या," म्हणाला. "शेळी तर शेळी." तिनं हसू आवरलं आणि कसा चघळायचा, कसा गालात ठेवायचा ते नीट दाखवलं. तो ते लक्ष देऊन शिकला, हातोडी धरायला शिकला होता तसा. पण मेहुणीच्या दाराशी येईपर्यंत त्यानं एकही तोंडात टाकला नाही. आज त्याला मोकळ्या तोंडानं बोलायचं होतं.

मेहुणीनं दार उघडलं आणि एक शब्द न बोलता आत बोट दाखवलं. बायको खाटेवर बसून कुठल्याशा उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. दुसऱ्याच्या घरीही हात स्वस्थ नव्हते. तो समोर जमिनीवर बसला.

"मखमल मीच उलटी कापली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते." तिनं दोरा दातांनी तोडला. "एवढंच सांगायला आलात?"

"नाही." त्याला शब्द सापडेनात. शिव्या कशा भराभर यायच्या. "काल तू गेलीस. घरात कुणी नव्हतं. तरी आला राग. मग पुडी... हातात घेतली नुसती. खाल्ली नाही, तुझी शपथ. हातात घेतली आणि गेला. ती ओतून दिली मी." तो थांबला. "तुझं काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. ते सगळं पुडीचं होतं."

त्याला वाटलं होतं, ती रडेल. मग डोळे पुसेल, पिशवी भरेल आणि दोघं घरी जातील. ती समंजस बाई होती, अख्खी गल्ली म्हणायची.

तिनं अभ्रा खाली ठेवला.

"म्हणजे मी इतकी वर्षं एका पुडीचं बोलणं खाल्लं? मला वाटायचं, माणसाचा स्वभाव आहे. स्वभावाला औषध नसतं म्हणून सोसलं. माझ्या आईनं सांगितलं, पुरुषाचा राग पदरात घ्यायचा, म्हणून घेतला. आणि ते पुडीचं होतं?" तिचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला त्यानं कधी ऐकलाच नव्हता, तो किती मोठा आहे हेही त्याला माहीत नव्हतं. "आणि मी मूर्ख, खणात भरून ठेवत होते! तुमच्या गालात तो चट्टा माझ्या हातानंही पडलाय, कळतंय का तुम्हाला? घरात शांतता हवी म्हणून मी पुडी पुढे सरकवत होते, आणि तुम्ही मला भाजी कसली केलीस म्हणून विचारत होता!"

"अगं, ऐक..."

"नाही ऐकणार. आता तुम्ही ऐकायचं. उठायचं नाही, ओरडायचं नाही, बाहेर जायचं नाही."

डाव्या गालात जीभ आपोआप काहीतरी शोधत गेली. तिथे खरबरीत कातडीशिवाय काही नव्हतं. जबडा आवळला, कानशिलं तापायला लागली. खिशातल्या गमवर हात गेला आणि त्यानं हात रिकामाच बाहेर काढला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिला.

ती बोलत होती. कुठल्या दिवशी, कुणासमोर, काय म्हणाला होता, तिच्या अंगावर तेव्हा कुठली साडी होती, चुलीवर काय होतं, एकही गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती. मेहुणीनं दारातून डोकावून बघितलं, पाण्याचा तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि दार ओढून घेतलं. बायको पाणी प्यायली, घोटाचा आवाज करत, त्याच्याकडे बघत, आणि तिनं पुन्हा सुरू केलं. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. ती अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षात होती, मुलगी जन्माला यायची होती.